गुरुवारी टीव्ही बंद

३० जून १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रं पोचवणाऱ्या कामगारांनी संप पुकारला. वार्ताहर बातम्या आणत होते, अंक छापले जात होते, पण ते गाडीत घालून शहरभरच्या स्टॉलपर्यंत नेणारे हात थांबले होते. युरोपातलं युद्ध संपून दोन महिने होत आले होते, जपानशी मात्र चालूच होतं. अशा काळात शहरातली आठ मोठी वर्तमानपत्रं सतरा दिवस बहुतेकांच्या हाती पडली नाहीत. काही लोक थेट वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर रांग लावून अंक विकत घेत. महापौर ला ग्वार्डिया तर रविवारी रेडिओवर बसून मुलांना चित्रकथा वाचून दाखवू लागले, तेही साभिनय.

संप चालू असतानाच बर्नार्ड बेरेल्सन या संशोधकाने मॅनहॅटनमधल्या साठ लोकांच्या सविस्तर मुलाखती घडवून आणल्या. प्रश्न साधा होता: वर्तमानपत्र येत नाही, तर तुमचं नेमकं काय अडलंय? बहुतेकांनी आधी भारदस्त उत्तर दिलं. जगात काय चाललंय ते कळत नाही, वगैरे. पण कुठली बातमी अर्धवट राहिली, असं विचारल्यावर बरेच जण अडखळले. खोलात गेल्यावर वेगळंच निघालं. रोजच्या ठरलेल्या वेळी हातात धरायला काही नव्हतं. चारचौघांत बोलायला विषय नव्हता. काहींनी जुने अंक काढून पुन्हा वाचले होते. १९४९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि माध्यमांच्या अभ्यासात एक वेगळीच वाट पडली: माध्यम काय करतं हे कळायचं असेल, तर ते बंद पडण्याची वाट बघा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ही रीत मला घरची वाटते. हजारो ओळींच्या कोडमध्ये एखादा भाग नक्की कशासाठी आहे हे कुणालाच सांगता येत नसेल, तर आम्ही तो तात्पुरता बंद करतो आणि काय कोसळतं ते बघतो. सोशल मीडियातून सुट्टी घेतल्यावर माणसाला बरं वाटतं का, विशेषतः मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटतं का, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बरेच अभ्यास झाले. ते वाचत वाचत मी मागे गेले आणि १९४५ पर्यंत पोचले. या जुन्या बंद काळांमध्ये एक गोष्ट अशी आहे जी आजच्या ‘सात दिवस इन्स्टाग्रामशिवाय’ छापाच्या सल्ल्यांमधून गळून पडली आहे. ती म्हणजे, बंद कुणासाठी होतं?

न्यूयॉर्कमध्येच ३० वर्षांनी आणखी एक बंद घडला. २७ फेब्रुवारी १९७५ ला सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली आणि मॅनहॅटनच्या एका मोठ्या भागातले सुमारे १ लाख ७० हजार फोन मुके झाले. सेवा पूर्ववत व्हायला २३ दिवस लागले. तेव्हाही संशोधक प्रश्नावली घेऊन गेले. लोकांना चुकल्यासारखं वाटत होतं, काळजी वाटत होती, हे अपेक्षितच. पण जवळजवळ निम्म्या लोकांनी असंही सांगितलं की या दिवसांत आयुष्य जरा कमी धावपळीचं वाटलं. फोन न उचलल्याबद्दल कुणी रागवणार नव्हतं, कारण परिसरातल्या सगळ्यांचेच फोन बंद होते.

आइसलँडने तर हे बंद वेळापत्रकातच घालून ठेवलं होतं. तिथे सरकारी दूरचित्रवाणी ३० सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि पुढे वीसेक वर्षं दर गुरुवारी प्रक्षेपण नसायचं. बरीच वर्षं जुलै महिनाभरही नसायचं. कर्मचाऱ्यांना सुट्टी हवी आणि पैसा तुटपुंजा, ही त्यामागची कारणं. थोर सामाजिक चिंतन वगैरे नव्हतं. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असतं तसंच काहीसं. गुरुवारी पाणी नसतं म्हणून पुणेकराला आपण मागास आहोत असं वाटत नाही, तो बुधवारी भरून ठेवतो. आइसलँडमध्ये गुरुवारी लोक एकमेकांकडे जात, गावातल्या समारंभांना गुरुवार सोयीचा पडे. टीव्ही बघायचा नाही हा निश्चय कुणालाच करावा लागत नसे.

*

शरीराचा मुद्दा या सगळ्यात अजून आलेला नाही, आणि तो यायला एक वेगळ्या प्रकारची घटना लागते: बंद असलेलं माध्यम चालू होण्याची. ती फिजीमध्ये घडली.

फिजी म्हटलं की आपल्याला ऊसमळ्यांवर नेलेले गिरमिटिये आठवतात. हा अभ्यास मात्र मूळच्या फिजियन, म्हणजे इतौकेई मुलींचा आहे. अ‍ॅन बेकर ही हार्वर्डची मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ १९८० च्या दशकापासून तिथल्या नाड्रोगा भागात काम करत होती. तिने पाहिलेल्या समाजात भरदार अंगाचं कौतुक होतं. पाहुण्याला आग्रह करकरून जेवू घालणं ही रीत, आणि कुणी वाळलं तर ती त्या माणसाच्या घरच्यांसाठी नामुष्की, कारण त्यांनी त्याची नीट काळजी घेतली नाही असा अर्थ निघे. भूक मंदावणं हा तिथे एक आजारच मानला जाई, त्याला ‘मथाके’ असं नाव होतं आणि त्यावर घरगुती औषधं होती. आपल्याकडेही ‘अंगाने भरली’ हे कौतुकाने म्हणणारी पिढी अजून आहे. माझी आजी तसं म्हणते आणि समोरच्या नातीचा चेहरा पडतो. फिजीत मात्र नातीचा चेहरा पडत नव्हता. शरीर ही एकट्याची मालमत्ता आणि तिला घासूनपुसून, तासून सुधारणं हे आपलं वैयक्तिक काम, ही कल्पनाच तिथे फारशी रुजलेली नव्हती, असं बेकरचं निरीक्षण होतं.

१९९५ मध्ये या भागात टीव्ही आला. एकच वाहिनी, त्यावर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे कार्यक्रम. टीव्ही येऊन काही आठवडेच झाले असताना बेकरने ६३ शाळकरी मुलींना एक प्रमाणित प्रश्नावली दिली, आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयोगटातल्या ६५ मुलींना तीच प्रश्नावली दिली. खाण्याबद्दलच्या वागण्यात-विचारांत काळजी करण्याइतका बिघाड दाखवणाऱ्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली १९९५ मध्ये एकही नव्हत्या. १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. जवळपास तीन चतुर्थांश मुलींनी सांगितलं की कधी ना कधी आपण फार जाड आहोत असं त्यांना वाटतं. मुलाखतींमध्ये त्या ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’ किंवा ‘झीना’सारख्या मालिकांमधल्या स्त्रियांबद्दल बोलत. त्यांचं बोलणं नुसतं सौंदर्याबद्दल नव्हतं. अशा अंगाच्या बायकांना शहरात नोकऱ्या मिळतात, त्या घराबाहेर पडतात, असा त्यांचा हिशोब होता. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. ‘टीव्ही पाहून पोरी बिघडल्या’ असं म्हणणाऱ्यांना दिसत नाही की त्या मुली बदलत्या अर्थव्यवस्थेत आपली जागा शोधत होत्या, आणि ती जागा बारीक कंबरेतून जाते असं त्यांना दाखवलं गेलं होतं.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. नमुना छोटा, दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या, आणि त्या तीन वर्षांत फिजीत फक्त टीव्हीच बदलला असं कोण म्हणेल? तरीही गेली वीस-बावीस वर्षं माध्यमं आणि शरीर या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक लेख फिजीपाशी थांबतो, आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात ही खरी अडचण आहे. कारण बेकर पुन्हा गेली. २००७ मध्ये गोळा केलेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची आणि सहकाऱ्यांची माहिती ५२३ शाळकरी मुलींबद्दल आहे. या वेळी प्रश्न जास्त बारीक होता. मुलगी स्वतः किती टीव्ही बघते हे मोजलंच, पण तिच्या मैत्रिणी आणि आजूबाजूचे लोक किती बघतात हेही मोजलं. खाण्याच्या विकारांच्या लक्षणांशी जास्त घट्ट जोडलेली निघाली ती ही दुसरी गोष्ट. घरात टीव्ही आहे की नाही यापेक्षा मैत्रिणींच्या घरात तो आहे का, याने जास्त फरक पडत होता.

माझी मावसबहीण सांगलीला अकरावीत आहे. गेल्या वर्षी दहावीच्या अभ्यासासाठी तिने महिनाभर इन्स्टाग्राम काढून टाकलं होतं. कसं वाटलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ताई, माझ्या फोनमधून गेलं गं, पण बेंचवरून कुठे गेलं?” वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत तेच बोलत. कुणाची जॉ-लाइन, कुणाचे दंड, कुणी डबा आणायचा बंद केलाय. वर आणखी एक ताप: निरोप समारंभाचे फोटो मैत्रिणींनी टाकले, त्यात ती होती, आणि ती त्यात कशी दिसतेय हे फक्त तिलाच बघता येत नव्हतं. तिने फिजीचा अभ्यास वाचलेला नाही.

*

फेसबुकच्या जन्मकथेतही हाच धागा आहे. २००३ मध्ये झुकरबर्गने हार्वर्डमध्ये बनवलेली ‘फेसमॅश’ ही साइट दोन विद्यार्थ्यांचे फोटो शेजारी शेजारी दाखवून कोण जास्त छान दिसतं ते निवडायला सांगायची. ती काही दिवसांतच बंद पडली. फेब्रुवारी २००४ मध्ये फेसबुक आलं, पण सगळीकडे एकदम आलं नाही. आधी हार्वर्ड, मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल, मग एकेक कॉलेज करत. २००६ च्या सप्टेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. या टप्प्याटप्प्याने येण्यामुळे तीन अर्थशास्त्रज्ञांना, ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन यांना, जवळपास फिजीसारखीच संधी मिळाली. आधी मिळालेली कॉलेजं आणि नंतर मिळालेली कॉलेजं यांची तुलना करून त्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की फेसबुक आल्यावर त्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य खालावलं, आणि त्यामागे स्वतःची इतरांशी तुलना हे मोठं कारण दिसतं. लक्षात घ्या, तेव्हा न्यूजफीड नव्हतं, लाइक नव्हतं, रील तर दूरच. फक्त एका कॉलेजातल्या सगळ्यांचे चेहरे एका ठिकाणी होते.

मग बंद करण्याचे प्रयोग सुरू झाले. आता संपाची किंवा आगीची वाट बघायची गरज नव्हती, पैसे देऊन बंद करता येत होतं. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधी ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवण्याचे १०२ डॉलर दिले. लोकांचा रोजचा सरासरी तासभर वाचला, बातम्यांची माहिती कमी झाली (१९४५ ची आठवण व्हावी), आणि मन थोडं सुधारलं. थोडं म्हणजे किती? आकडा आहे ०.०९ प्रमाण विचलन. शंभर जणांना समाधानाच्या क्रमाने रांगेत उभं केलं, तर मधोमध उभी असलेली व्यक्ती साडेतीन-चार जागा पुढे सरकते, इतकं. २०२० मध्ये हाच प्रयोग फेसबुक आणि इन्स्टाग्राम मिळून सुमारे ३५ हजार लोकांवर झाला, कंपनीच्या सहकार्याने. इन्स्टाग्राम सहा आठवडे बंद ठेवल्यावर सरासरी माणूस त्या रांगेत दीडेक जागा पुढे सरकला. पण ही सरासरी फसवी होती. सुधारणेचा मोठा भाग १८ ते २४ वयाच्या मुलींच्या वाट्याचा होता.

शरीराबद्दल थेट विचारणारे प्रयोग कॅनडात झाले. एकात १७ ते २५ वयाच्या २२० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना तीन आठवडे सोशल मीडिया रोज तासाभरावर आणायला सांगितलं. त्यांचं स्वतःच्या रूपाबद्दलचं आणि वजनाबद्दलचं मत सुधारलं. दुसरा प्रयोग टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. पहिल्या वर्षाच्या ६६ मुली, त्यातल्या काहींना आठवडाभर पूर्ण सुट्टी, बाकीच्या नेहमीसारख्या. एका आठवड्यात सुट्टीवाल्या मुलींचं शरीराबद्दलचं समाधान वाढलं, आणि ज्यांच्या मनात बारीक असण्याचं आकर्षण आधीपासून खोल रुतलेलं होतं त्यांचं सगळ्यात जास्त.

या निकालांकडे मी थोड्या संशयाने बघते, धंद्याची सवय म्हणून. औषधाची चाचणी घेताना अर्ध्या लोकांना साखरेची गोळी देता येते आणि आपल्याला काय दिलंय ते त्यांना कळत नाही. इन्स्टाग्राम बंद आहे हे न कळता ते बंद ठेवता येत नाही. ‘सुट्टी घेतली की बरं वाटतं’ हे ऐकून आलेल्या मुलीला सातव्या दिवशी प्रश्नावली भरताना बरं वाटणारच, निदान थोडंफार. शिवाय आठवड्यानंतर काय झालं हा प्रश्न उरतोच. पण हा संशय पूर्ण ताणला तरी एक गोष्ट खोडता येत नाही. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या पद्धतींचे अभ्यास एकाच वयाकडे आणि एकाच लिंगाकडे बोट दाखवतात. नुसत्या अपेक्षेचा परिणाम असता तर तो चाळिशीच्या पुरुषांतही तितकाच दिसायला हवा होता.

आणि हे सगळ्यात आधी कुणाला ठाऊक असणार? ज्यांच्या हातात बटण आहे त्यांना. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. त्यातल्या २०१९ च्या एका सादरीकरणात लिहिलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची शरीराबद्दलची नाराजी आपण वाढवतो. ही कागदपत्रं बाहेर आणणारी फ्रान्सिस हॉगन ही कंपनीची माजी कर्मचारी ३ ऑक्टोबरला टीव्हीवर समोर आली. ५ ऑक्टोबरला तिची अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष होती. आणि मधल्या दिवशी, ४ ऑक्टोबरला, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सगळ्या जगात बंद पडले.

आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आधी सगळ्यांनी आपापल्या वायफायला शिव्या दिल्या, मग राउटर बंद-चालू केले. झालं होतं असं: देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. ते तुटल्यावर त्यांच्या नाव-पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी, आपण आजारी आहोत असं समजून, ‘आमच्याकडे या’ अशी इंटरनेटला दिलेली सूचना मागे घेतली. इंटरनेटच्या लेखी फेसबुक नावाचं गावच नकाशावरून पुसलं गेलं. दुरुस्तीची साधनंही त्याच गावात होती, त्यामुळे इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि तिथे शिरण्यातही वेळ गेला. जवळपास सहा तास हे चाललं. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी ती रात्र एखादी वन-डे बघावी तशी जागून काढली. दुसऱ्या दिवशी हॉगनने साक्षीत या बंदचा उल्लेख केला. सेवा का बंद पडली हे मला माहीत नाही, ती म्हणाली, पण पाच तासांहून अधिक काळ तिचा वापर मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटायला लावण्यासाठी झाला नाही, एवढं मला माहीत आहे.

पुढे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांमधून आणखी एक गोष्ट समोर आली. कंपनीने २०२० मध्ये ‘प्रोजेक्ट मर्क्युरी’ या नावाने स्वतःच बंद करण्याचा प्रयोग करून पाहिला होता. आठवडाभर फेसबुक सोडलेल्यांनी नैराश्य, चिंता, एकटेपणा आणि इतरांशी तुलना कमी झाल्याचं सांगितलं, आणि काम पुढे न्यायचं थांबवलं गेलं, असा फिर्यादींचा आरोप आहे. अभ्यासाची पद्धत सदोष होती म्हणून तो थांबवला, असं कंपनी म्हणते. न्यायालय काय ते ठरवेल.

*

भारतात सरकारने एक प्रचंड बंद घडवला होता, तो शरीराच्या चर्चेत कुणी मोजत नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. कारण चीनशी सीमेवर झालेला संघर्ष; मुलींच्या मनःस्वास्थ्याशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. पण परिणामाच्या दृष्टीने बघा: सुमारे २० कोटी लोकांच्या हातातून, एकाच वेळी, कुणाच्याही निश्चयाविना, एक अख्खं अ‍ॅप गेलं. बेरेल्सन असता तर हरखून गेला असता. पण त्याला प्रश्नावली छापायलाही वेळ मिळाला नसता. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्सची चाचणी सुरू केली. नऊ दिवस. सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सही इथेच आधी आलं. टिकटॉकवर गावाकडच्या बायका शेतात, गोठ्यात, लुगड्यात नाचायच्या आणि शहरी लोक त्यांना हसायचे, हेही खरं. तिथली मंडळी रील्सवर आली तेव्हा ती अशा जागी आली जिथे फिल्टर आणि नेटकं ठेवलेलं शरीर हा आधीपासूनचा कायदा होता. माझ्या मते या स्थलांतराचा अभ्यास व्हायला हवा.

आइसलँडचा गुरुवारही असाच गेला. तिथे पहिली खासगी वाहिनी सुरू झाली ९ ऑक्टोबर १९८६ ला. तो वार गुरुवारच होता. वर्षभरात, १ ऑक्टोबर १९८७ पासून, सरकारी वाहिनीनेही गुरुवारी प्रक्षेपण सुरू केलं.

हे असं का होतं, याचा हिशोब शिकागो विद्यापीठातल्या लिओनार्डो बुर्स्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये पैशात मांडला. अमेरिकेतल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं: चार आठवडे खातं बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? बाकी सगळे चालू असताना एकट्याने टिकटॉक बंद ठेवायला सरासरी ५९ डॉलर हवे होते, इन्स्टाग्रामसाठी ४७. मग विचारलं, तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचं एकदम बंद झालं तर? तेव्हा उत्तराचं चिन्हच उलटं झालं. तसं होणार असेल तर पदरचे पैसे द्यायला मुलं तयार होती, टिकटॉकसाठी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. वस्तू हवी म्हणून कुणी वापरत नाही, इतर वापरतात म्हणून सोडवत नाही, अशी ही अवस्था. सुट्टीचे सल्ले देणारे लेख नेमकं पहिल्या प्रश्नातलं काम एकेका मुलीवर टाकतात, आणि ती आठव्या दिवशी परत आली की तिच्या इच्छाशक्तीला नावं ठेवतात.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली. हा कायदा नीट पाळला जाईल का, मुलं पळवाटा काढतील का, एकटी पडलेली मुलं आणखी एकटी पडतील का, हे सगळे आक्षेप रास्त आहेत. मलाही वयाच्या पडताळणीसाठी प्रत्येकाचा चेहरा स्कॅन करण्याची कल्पना धोक्याची वाटते. पण त्यातली एक बाजू जुन्या बंदांशी जुळते. बंद वर्गातल्या सगळ्यांसाठी आहे.

कायद्याविना असं करून पाहणारं एक गाव सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथल्या ग्रामसभेत ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवायचे. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की पुन्हा सुरू. कारण शरीराचं नव्हतं, अभ्यासाचं होतं. करोनाच्या ऑनलाइन शाळेनंतर मुलं फोन सोडेनात. पुरुषमंडळींनी आधी हसण्यावारी नेलं, बायका मात्र लवकर तयार झाल्या, मालिका फार होतात हे त्यांनाही पटत होतं, असं सरपंचांनी तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं. दीड तास म्हणजे काही फार नाही. पण त्या दीड तासात कुठल्याच मैत्रिणीच्या घरी स्क्रीन चालू नसतो.

मावसबहिणीला वडगाव माहीत होतं, तिथून रोज एसटीने येणारी एक मुलगी त्यांच्या कॉलेजात आहे. मी तिला बुर्स्टिनचे आकडे सांगितले तेव्हा ती आधी डॉलरचे रुपये करत बसली. मग म्हणाली, केमिस्ट्रीच्या बॅचमधल्या आठ जणींना विचारून बघते, एक आठवडा सगळ्यांनी मिळून. पाच जणी तयार झाल्या. त्यातल्या दोघींच्या घरी लग्नं निघाली, हळदीचे फोटो टाकायचे म्हणून त्या नंतर करणार आहेत. सध्या तिघी आहेत.